रोझेनबर्ग-श्रेणीचे आठवे विधान : कुमारांच्या प्रश्नावलीच्या अनुकूलनाचा इतिहास

१

कुमारवयातील मुलामुलींच्या मनाचा ठाव घेण्याचे साधन म्हणून प्रश्नावलीचा उपयोग होऊ लागला, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. हे साधन अल्पखर्चाचे आहे. एकाच वेळी वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना ते देता येते. आणि त्याचे फलित अंकांत मांडता येते. या तीन सोयींमुळे एका देशात व एका भाषेत तयार झालेली प्रश्नावली दुसऱ्या देशात व दुसऱ्या भाषेत नेण्याचा प्रघात फार लवकर पडला. लांबी मोजण्याची पट्टी न्यूयॉर्कहून हाँगकाँगला नेली तरी तिच्यावरील खुणांमधील अंतर बदलत नाही. प्रश्नाचे तसे नसते. उत्तर देणारा मुलगा प्रश्नाचा अर्थ आपल्या घरातील, शाळेतील व समाजातील रीतीभातींच्या आधारे लावीत असतो. तो अर्थ बदलला, तर अंक तोच राहूनही मापन वेगळ्याच गोष्टीचे होते.

ही गोष्ट एकदा सांगितली की उघड वाटते. ती ध्यानात यावयास मात्र मानसशास्त्राला बराच काळ लागला, आणि ती तत्त्वचिंतनातून कळण्यापेक्षा फसलेल्या भाषांतरांतून अधिक कळली. हा क्रम तपासून पाहण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मान-श्रेणीचे उदाहरण सोयीचे आहे. ही श्रेणी मुळातच कुमारांसाठी रचली गेली होती. तिच्यात अवघी दहा विधाने आहेत, त्यामुळे तिचा सबंध प्रवास नजरेखाली घालता येतो. शिवाय त्या दहांपैकी आठव्या विधानाने निरनिराळ्या भाषांत एकसारखा अडथळा उत्पन्न केला, आणि त्या अडथळ्यातूनच अनुकूलनाच्या शास्त्राची काही महत्त्वाची सूत्रे स्पष्ट झाली.

२

रोझेनबर्ग यांच्यापूर्वीची स्थिती थोडक्यात ध्यानात घेणे अवश्य आहे. अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांनी शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या बॉस्टनमधील मुलांना काय काय ठाऊक असते, याची पाहणी १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. पौगंडावस्थेवरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९०४ मध्ये निघाला. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांतील मानसिक अस्वास्थ्य हुडकण्यासाठी 'होय–नाही' अशा उत्तरांची प्रश्नावली तयार केली. तिचेच एक रूप एलेन मॅथ्यूज यांनी १९२३ मध्ये शाळकरी मुलांसाठी सिद्ध केले. प्रौढ सैनिकासाठी लिहिलेले प्रश्न मुलांच्या तोंडी बसविणे हेही एक अनुकूलनच होते. फक्त तेथे सीमा दोन देशांमधील नव्हती, दोन वयांमधील होती.

याच काळात बुद्धिमापनाच्या कसोट्या मात्र देशोदेशी पसरत होत्या. फ्रान्समध्ये १९०५ साली निघालेली बिने–सिमाँ कसोटी १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी अमेरिकन मुलांसाठी नव्याने बांधली. मराठी भाषकांच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी केली. त्यासंबंधीचा त्यांचा लेख १९३४ मध्ये व ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'मुंबई–कर्नाटक आवृत्ती' या नावाने ती पुढे ओळखली गेली.

बुद्धिमापन कसोटीचे अनुकूलन आणि मनोभावविषयक प्रश्नावलीचे अनुकूलन यांत एक मूलभूत भेद आहे. कसोटीतील प्रश्नाला बरोबर उत्तर असते. मूळ चित्रातील वस्तू इकडील मुलांच्या परिचयाची नसेल तर दुसरी घालता येते, आणि ती बदली योग्य झाली की नाही हे तपासण्याची रीतही उपलब्ध असते : वाढत्या वयाबरोबर तो प्रश्न सोडविणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले पाहिजे. मनोभावविषयक प्रश्नावलीत हा आधार नाहीसा होतो. 'स्वतःविषयी समाधान वाटते काय' या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. वयाबरोबर ते कोणत्या दिशेने बदलावे, याविषयी आधीच काही ठरविता येत नाही. म्हणून प्रश्नाचा अर्थ भाषांतरात पालटला, तर ते उघडकीस आणणारी साक्ष दुसरीकडूनच मिळवावी लागते. ती कोठून मिळवावी, या शोधाचाच पुढील इतिहास आहे.

३

मॉरिस रोझेनबर्ग (१९२२–१९९२) हे समाजशास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करीत असता त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील दहा सरकारी माध्यमिक शाळांतील वरच्या दोन वर्गांच्या ५,०२४ विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिच्यावर आधारलेला समाज आणि कुमारांची आत्मप्रतिमा यांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केला. प्रसिद्ध आत्मसन्मान-श्रेणी या ग्रंथातील होय. तिच्यातील पाच विधाने स्वतःविषयी अनुकूल व पाच प्रतिकूल आहेत. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे विद्यार्थ्याने चार पायऱ्यांपैकी एक निवडून दाखवावयाचे असते.

पुढील चर्चेसाठी रोझेनबर्ग यांच्या मांडणीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवणे जरूर आहे. पहिली गोष्ट संकल्पनेची. 'मी इतरांहून श्रेष्ठ आहे' ही भावना आणि 'मी जसा आहे तसा पुरेसा आहे' ही भावना यांत त्यांनी स्पष्ट भेद केला, आणि आपली श्रेणी दुसऱ्या भावनेपुरती मर्यादित ठेवली. त्यांच्या मते आत्मसन्मान असलेला कुमार स्वतःला मोलाचा समजतो. परंतु तेवढ्यावरून तो दुसऱ्याला हीन लेखतो असे होत नाही, किंवा त्याला स्वतःचे दोष दिसत नाहीत असेही होत नाही. दुसरी गोष्ट गुणांकनाची. मूळ श्रेणी लुइस गटमन यांच्या पद्धतीची होती. तिच्यात दहा विधानांचे सहा पायऱ्यांत गट पाडलेले होते. काही पायऱ्या दोन किंवा तीन विधानांच्या मिळून झाल्या होत्या, आणि आठवे विधान स्वतंत्र पायरी म्हणून उभे होते. पुढे बहुतेक संशोधकांनी ही रीत सोडून दिली आणि दहा विधानांच्या गुणांची सरळ बेरीज करण्याचा सोपा मार्ग धरला. श्रेणी परदेशी गेली ती या सोप्या रूपात.

आठव्या विधानात विद्यार्थ्याने अशी इच्छा व्यक्त करावयाची असते, की आपल्याला स्वतःविषयी आणखी आदर वाटता तर बरे झाले असते. जो सहमत होईल त्याचा आत्मसन्मान कमी, असे गृहीत धरून गुण द्यावयाचे. अमेरिकन इंग्रजीत या वाक्यातील क्रियापदाचे रूपच उणिवेची जाणीव सुचविते : इच्छा आहे, कारण आज ती गोष्ट नाही. सारा अर्थ त्या एका व्याकरणिक छटेवर तोललेला आहे.

४

श्रेणीची देशांतरे सुरू होण्यापूर्वीच अमेरिकेतल्या अमेरिकेत एक महत्त्वाचा अनुभव आला. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान समाजातील हीन वागणुकीमुळे गोऱ्या मुलांपेक्षा कमी असणारच, असे त्या काळी बहुतेक अभ्यासक धरून चालत. रोझेनबर्ग व रॉबर्टा सिमन्स यांनी १९६८ मध्ये बाल्टिमोर शहरातील तिसरी ते बारावीच्या सुमारे १,९०० विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात हे गृहीतक टिकले नाही. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांहून कमी आढळला नाही.

लेखकांनी याचा उलगडा असा केला, की मूल स्वतःची तुलना दूरच्या समाजाशी करीत नाही. ज्यांच्यामध्ये ते रोज वावरते ते आईबाप, शिक्षक व सोबती यांच्या नजरेतून ते स्वतःकडे पाहते. कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुसंख्य मुले कृष्णवर्णीयांच्याच वस्तीत राहत व शाळेत शिकत होती. या निष्कर्षाचा प्रश्नावलीच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. स्वतःविषयीच्या विधानाला उत्तर देताना मूल कोणाच्या तरी तुलनेने उत्तर देत असते, आणि तो तुलनेचा संदर्भ प्रश्नावलीत कोठेही लिहिलेला नसतो. दोन देशांतील सरासरी शेजारी शेजारी ठेवताना हा अलिखित संदर्भ दोन्हीकडे सारखा आहे, असे आपोआप धरले जाते. बाल्टिमोरचा अनुभव या सवयीविरुद्ध पहिला इशारा होता. तो त्या वेळी वंशप्रश्नाच्या चर्चेत मोलाचा ठरला. मापनाच्या चर्चेत त्याची दखल घेतली जाण्यास पुढे बराच अवधी गेला.

५

भाषांतराच्या पद्धतीचा शास्त्रशुद्ध विचार याच सुमारास आकार घेऊ लागला. रिचर्ड ब्रिस्लिन यांचा उलट-भाषांतरावरील लेख १९७० मध्ये, आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या नव्याने निघालेल्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी आला. या पद्धतीत एक द्वैभाषिक मूळ मजकूर दुसऱ्या भाषेत आणतो. मूळ न पाहिलेला दुसरा द्वैभाषिक तो परत पहिल्या भाषेत नेतो. मग दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावयाचे. ब्रिस्लिन यांनी ग्वाम विद्यापीठातील दहा भाषांच्या ९४ द्वैभाषिकांकडून असे काम करवून घेतले आणि भाषांतर कशाने बिघडते, याची पद्धतशीर तपासणी केली.

या अभ्यासातून भाषांतरास सुकर इंग्रजी कसे लिहावे याचे नियम निघाले. वाक्य सोळा शब्दांहून लहान असावे. कर्तरी प्रयोग वापरावा. सर्वनामाऐवजी नाम पुन्हा लिहावे. रूपके व बोलीतील वाक्प्रचार टाळावेत. संकेतार्थी किंवा इच्छार्थी क्रियारूपे टाळावीत. या शेवटच्या नियमाच्या कसोटीवर रोझेनबर्ग-श्रेणीचे आठवे विधान लावून पाहिले असता ते तेथेच अडते. नियम निघण्यापूर्वी पाच वर्षे ते छापले गेले होते. नियम निघाल्यानंतरही श्रेणी जशीच्या तशी भाषांतरित होत राहिली, कारण जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात फेरफार केल्यास तुलनाच अशक्य होईल, अशी भीती वाटत होती.

ओस्वाल्ड वर्नर व डोनाल्ड कॅम्पबेल यांनीही १९७० मध्ये या भीतीवर एक उपाय सुचविला होता. मूळ भाषेतील पाठ अचल मानू नये. दोन्ही पाठ एकमेकांच्या प्रकाशात बदलत न्यावेत, आणि जे विधान दुसऱ्या भाषेत सहज येत नाही ते मूळ भाषेतही नव्याने लिहावे. या विचारात मूळ पाठाचे केंद्रस्थान नाहीसे होते. जे साधन अजून घडत आहे त्याच्या बाबतीत हा मार्ग शक्य होता. जे साधन आधीच छापले गेले, ज्याचे हजारो विद्यार्थ्यांचे गुण आधीच हाती होते, त्याच्या बाबतीत तो क्वचितच अवलंबिला गेला. रोझेनबर्ग-श्रेणी दुसऱ्या प्रकारात मोडत होती.

६

आठव्या विधानाचा दोष १९९५ मध्ये हाँगकाँगमधील संशोधनाने नेमका पुढे आणला. चिनी भाषेतील श्रेणी वापरताना हे विधान उरलेल्या नऊ विधानांशी जुळत नाही आणि ते वगळल्यास श्रेणीची अंतर्गत सुसंगती सुधारते, असे तेथील अभ्यासकांनी दाखविले. भाषांतरित श्रेण्यांच्या वापरातील एक चूक म्हणूनच त्यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधले.

ही चूक घडली कशी, हे पाहणे उद्बोधक आहे. भाषांतरकाराने हयगय केली असे म्हणता येत नाही. 'मला स्वतःविषयी अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे' हे मराठी वाक्य घेतले, तरी अडचण तत्काळ ध्यानात येते. इंग्रजीतील उणिवेची छटा येथे गळून पडते आणि एक साधी सदिच्छा मागे उरते. स्वतःला सुधारीत राहावे, आहे त्याहून उंच व्हावे, हे ज्या समाजात मुलांना लहानपणापासून शिकविले जाते, तेथे आत्मविश्वास असलेला विद्यार्थीही या वाक्याला निःशंकपणे होकार देईल. त्या होकाराबद्दल गुणांकनाची किल्ली त्याचे गुण कापील. मूळ वाक्य ज्या मुलाला निराश ठरविते, तेच वाक्य भाषांतरात महत्त्वाकांक्षी मुलाला निराश ठरवू लागते.

उलट-भाषांतराची पद्धत येथे उपयोगी पडत नाही. मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत नेणारा द्वैभाषिक बहुधा मूळ वाक्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचेल, कारण त्याला दोन्ही भाषांचे संकेत अवगत असतात. शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेले विधान अर्थाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, आणि ही दुसरी परीक्षा घेणारे द्वैभाषिक विद्वान नव्हते. ती एकभाषिक विद्यार्थ्यांच्या उत्तरांनीच घेतली. बुद्धिमापन कसोटीच्या बाबतीत वाढत्या वयाची जी साक्ष उपलब्ध होती, तिची जागा येथे उरलेल्या विधानांच्या साक्षीने घेतली.

७

प्रतिकूल विधानांच्या बाबतीत दुसरी एक अडचण दिसून आली, आणि ती विशेषेकरून लहान वयाशी निगडित आहे. हर्बर्ट मार्श यांनी १९८६ मध्ये असे दाखविले, की वाचन कच्चे असलेली लहान मुले नकारार्थी विधानांना योग्य रीतीने उत्तर देऊ शकत नाहीत. 'मी काही कामाचा नाही' या विधानाला 'असहमत' म्हणणे म्हणजे दोन नकारांचा हिशेब मनात करणे होय. त्या हिशेबात चुकलेल्या मुलाचे गुण त्याच्या आत्मसन्मानाविषयी काही सांगत नाहीत; ते त्याच्या वाचनाविषयी सांगतात.

भाषेचा प्रश्न येथे वयाच्या प्रश्नात मिसळतो. 'तू जेवला नाहीस ना?' असे मराठीत विचारले असता न जेवलेला मुलगा 'नाही' असेही म्हणतो आणि 'हो, नाही जेवलो' असेही म्हणतो. नकारार्थी विधानाला दिलेल्या होकारनकाराचा अर्थ बोलताना सुरावरून व संदर्भावरून लागतो. छापील कागदावर सूर नसतो. 'माझ्याजवळ अभिमान बाळगावा असे फारसे काही नाही' या विधानापुढे मराठी शाळकरी मुलगा 'नाही'चा पर्याय निवडतो, तेव्हा तो विधान मान्य करतो की अमान्य, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय सांगणे कठीण आहे.

याच विधानातील 'अभिमान' हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. मराठीत देशाचा अभिमान स्तुत्य असतो, पण 'त्याला फार अभिमान झाला आहे' हे वाक्य निंदेचे असते. 'स्वाभिमान' म्हटले की दुसऱ्यापुढे मान न तुकविण्याचा भाव पुढे येतो. 'आत्मसन्मान' हा शब्द पुस्तकी आहे आणि नववीतील मुलाच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. स्वतःला पुरेसे समजणे आणि स्वतःला श्रेष्ठ समजणे, हा जो भेद रोझेनबर्ग यांनी काळजीपूर्वक केला होता, तो मराठीत कोणता शब्द निवडला जातो यावर टिकतो किंवा बुडतो.

८

दरम्यान श्रेणीच्या आधारे देशांची तुलना करण्याचे कामही चालूच होते. स्टीव्हन हाइने व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये असे प्रतिपादन केले, की स्वतःविषयी उंच मत बाळगण्याची गरज सार्वत्रिक नाही. त्यांच्या मांडणीनुसार कॅनडातील विद्यार्थ्यांचे गुण श्रेणीच्या मध्यबिंदूच्या वर पुष्कळ सरकलेले होते, तर जपानी विद्यार्थ्यांचे गुण मध्यबिंदूच्या आसपास होते. उत्तर अमेरिकन जीवनाशी ज्या जपान्यांचा संबंध अधिक आला त्यांचे गुणही अधिक होते. याला दुसऱ्या बाजूने उत्तर मिळाले. सुसुमू यामागुची व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये उत्तराला लागणारा वेळ मोजणाऱ्या अप्रत्यक्ष कसोटीने जपानी, चिनी व अमेरिकन विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि तिन्ही ठिकाणी स्वतःविषयी अनुकूल भावच आढळला. यावरून कागदावर स्वतःची स्तुती न करणे हा विनयाचा भाग असू शकतो आणि त्यावरून मनातील भाव ओळखता येईलच असे नाही, ही शंका बळावली.

याआधी १९९६ मध्ये रोमिन तफारोदी व विल्यम स्वान यांनी आत्मसन्मानाचेच दोन भाग पाडून पाहिले होते : स्वतः आवडणे आणि स्वतःला समर्थ समजणे. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तुलनेत चिनी विद्यार्थी दुसऱ्यात कमी, पण पहिल्यात अधिक भरले. एकाच बेरजेत दोन भिन्न गोष्टी मिसळल्या, तर कोणता देश पुढे व कोणता मागे या प्रश्नाचे उत्तर मिसळीच्या प्रमाणावर अवलंबून राहते, हा या अभ्यासाचा धडा होता.

सर्वांत विस्तृत पाहणी डेव्हिड श्मिट व यूरी आलिक यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रकल्पात श्रेणीची २८ भाषांत भाषांतरे झाली आणि ५३ राष्ट्रांतील १६,९९८ व्यक्तींनी, मुख्यतः महाविद्यालयीन तरुणांनी, ती भरून दिली. प्रत्येक राष्ट्राची सरासरी सैद्धांतिक मध्यबिंदूच्या वर होती. सर्वांत वर सर्बिया व सर्वांत खाली जपान होते. श्रेणीची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच दिसली. परंतु अनुकूल व प्रतिकूल विधानांच्या उत्तरांतील तफावत राष्ट्रागणिक बदलत होती, आणि आठवे विधान पुन्हा अनेक भाषांत सैल पडलेले आढळले. म्हणजे हाँगकाँगमध्ये दिसलेला दोष एकट्या चिनी भाषेचा नव्हता.

९

या अनुभवांच्या संचयातून अनुकूलनाचे आजचे शास्त्र उभे राहिले. कार्ल यरेस्कोग यांनी १९७१ मध्ये अनेक समूहांचे घटक-विश्लेषण एकाच वेळी करण्याची रीत दिली होती. तिच्या विकासामुळे तीन प्रश्न क्रमाने विचारता येऊ लागले : विधानांची जुळणी दोन्ही समाजांत सारखी आहे काय, प्रत्येक विधान मूळ गुणाशी सारख्याच बळाने बांधलेले आहे काय, आणि आत्मसन्मान समान असलेले दोन देशांतील दोन विद्यार्थी त्या विधानाला सरासरीने सारखेच उत्तर देतात काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्याखेरीज दोन देशांच्या सरासरींची तुलना करण्याचा अधिकार संशोधकाला मिळत नाही. चीन, झेक प्रजासत्ताक, कोरिया व अमेरिका येथील अकरावीच्या विद्यार्थ्यांवरील २००४ चा अभ्यास या क्रमाने गेला : आधी मापनाच्या समतेची परीक्षा, नंतर इतर विचार.

फॉन्स व्हान द व्हायव्हर व क्वोक ल्युंग यांनी १९९७ मध्ये अभिनतीचे, म्हणजे मापनाला एका बाजूला झुकविणाऱ्या दोषाचे, तीन प्रकार सांगितले. संकल्पनाच दोन समाजांत भिन्न असेल तर पहिला. नमुन्याची निवड, उत्तर देण्याची सवय किंवा प्रश्नावली देण्याची रीत भिन्न असेल तर दुसरा. एखादे विधान बिघडले असेल तर तिसरा. रोझेनबर्ग-श्रेणीच्या इतिहासात तिन्ही सापडतात. आठवे विधान तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. तफारोदी व स्वान यांचा निष्कर्ष पहिल्याकडे बोट दाखवितो. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. मूळ नमुना शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांतील विद्यार्थ्यांचा होता. जेथे या वयाची पुष्कळ मुले शाळा सोडून शेतात, कारखान्यात किंवा घरकामात गुंतलेली असतात, तेथे शाळेतील नमुना कुमारवयाचा प्रतिनिधी ठरत नाही. तो शाळेत टिकलेल्या कुमारांचा प्रतिनिधी ठरतो.

आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाने अनुकूलनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचे काम १९९२ मध्ये हाती घेतले. रोनाल्ड हॅम्बल्टन यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. केवळ उलट-भाषांतरावर विसंबू नये, भाषांतरकाराला विषयाचे व संस्कृतीचे ज्ञान असावे, लहान प्रमाणावर पूर्वचाचणी घ्यावी, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, हा त्यांचा आशय आहे.

१०

हा सारा विचार संशोधनशाळेपुरता राहिला असता, तर त्याचे महत्त्व मर्यादित ठरले असते. परंतु आत्मसन्मानाचे अंक शासनाच्या धोरणात शिरले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढविण्यासाठी एक कार्यदल स्थापन केले. त्याचा अहवाल १९९० मध्ये आला. त्याच कार्याच्या निमित्ताने कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्वानांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखसंग्रहात मात्र आत्मसन्मान आणि सामाजिक समस्या यांचे संबंध अपेक्षेपेक्षा दुबळे असल्याचे नमूद झाले होते. जपानमध्ये निरनिराळ्या देशांतील कुमारांच्या तुलनात्मक पाहण्यांत जपानी विद्यार्थी स्वतःविषयी कमी अनुकूल बोलतात, हे वारंवार दिसून आले. मुलांचा आत्मविश्वास वाढविणे हा विषय २०१७ मध्ये शासनाच्या शिक्षण-पुनर्रचना मंडळाच्या शिफारशींत आला.

अशा वेळी प्रश्नावलीतील एका विधानाचा अर्थ हा विद्वानांच्या कीस काढण्याचा विषय राहत नाही. ज्या विद्यार्थ्याने विनयाने किंवा महत्त्वाकांक्षेने 'सहमत' लिहिले, त्याला समुपदेशनाची गरज आहे असे ठरू शकते. आणि ज्याला ती खरोखर आहे, पण ज्याने नकारार्थी विधान उलटे वाचले, तो यादीतून सुटू शकतो. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक शिक्षक त्याच्याशी बोलून दुरुस्त करू शकतो. सरासरीत मिसळलेली चूक कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

११

रोझेनबर्ग-श्रेणीच्या सहा दशकांच्या प्रवासावरून मराठीत प्रश्नावलीचे अनुकूलन करणाऱ्या अभ्यासकासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. भाषांतर झाले म्हणजे काम झाले असे नाही. तेथे काम सुरू होते. भाषांतरित प्रत्येक विधान त्या वयाच्या काही मुलांना मोठ्याने वाचावयास सांगून त्याचा अर्थ त्यांच्याच शब्दांत विचारणे, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त उपाय आहे. ही मुले शहरातील व खेड्यातील, मराठी माध्यमाची व अन्य माध्यमांची, शाळेतील व शाळा सोडलेली, अशी सर्व प्रकारची असली पाहिजेत. कारण नाशिकच्या एका शाळेत स्पष्ट असलेले वाक्य मेळघाटातील शाळेत, जेथे कित्येक मुलांच्या घरची भाषा कोरकू आहे, स्पष्ट राहीलच असे नाही. आंतरसांस्कृतिक अंतर मोजण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही, हे बाल्टिमोरने दाखविले होते.

बिघडलेले विधान मुकाट्याने वगळू नये, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कित्येक प्रबंधांत 'एक विधान वगळले' एवढाच उल्लेख असतो. का वगळले आणि मुलांनी त्याचा काय अर्थ घेतला होता, हे लिहिलेले नसते. आठवे विधान हाँगकाँगच्या संशोधकांनी कारण न देता टाकून दिले असते, तर पुढच्या प्रत्येक भाषेतील अभ्यासकाला तीच ठेच पहिल्यापासून लागली असती. त्यांनी दोषाची नोंद केली, म्हणून त्या दोषापासून एक नियम हाती आला, आणि मूळ इंग्रजी वाक्याकडेही नव्या नजरेने पाहता आले. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांना स्वाभाविक वाटलेले वाक्य एका विशिष्ट भाषेच्या व्याकरणावर उभे होते, हे न्यूयॉर्कमध्ये राहून कळण्यासारखे नव्हते.